गळा चारशे एकोणीस

माणूस कपड्यांवरून नव्हे तर कामावरून ओळखावा, असे थोरामोठ्यांनी सांगून ठेवले आहे. हे सांगताना त्या थोरामोठ्यांच्या अंगावर मापाचे कपडे होते की नव्हते, याची नोंद मात्र कोणी ठेवलेली नाही. तपासनिसाला ही उणीव वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, परक्या देशात, एका मंगळवारी सकाळी साडेदहाला जाणवली.

मोजमापाची उपकरणे तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तो चार वर्षे नोकरीला होता. कारखान्यांतून आलेली मापके खऱ्या मापाशी ताडून बघायची. बरोबर असतील तर हिरवी चिठ्ठी, नसतील तर लाल चिठ्ठी, हे त्याचे काम. केसाच्या जाडीचा विसावा भाग इकडचा तिकडे झाला तरी त्याला जेवण गोड लागत नसे. त्याने लावलेली हिरवी चिठ्ठी आजवर एकदाही परत आली नव्हती. प्रयोगशाळेच्या नियमावलीतले धुळीचे प्रकरण त्यानेच लिहिले होते, चांगले बावीस कलमांचे. ते सगळ्यांनी वाचावे अशी त्याची इच्छा होती. ते कोणीही वाचले नव्हते.

तर त्या मंगळवारी विभागप्रमुख बाईंनी त्याला बोलावून वर्षाच्या शेऱ्यांचा कागद पुढे सरकवला. सात रकाने होते. सहांत ‘उत्कृष्ट’. सातवा रकाना पेहरावाचा. त्यात लिहिले होते : ‘सुधारणेस वाव आहे. कपडे मापाचे असावेत.’

तपासनिसाने ते वाक्य दोनदा वाचले. मग चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून तिसऱ्यांदा वाचले. वाक्य तेच होते.

“मापाचे?” तो म्हणाला. “मला? मापाचे?”

“वाईट वाटून घेऊ नका,” बाई म्हणाल्या. त्या शांत स्वभावाच्या होत्या आणि खोटे बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे त्यांच्यापुढे बसणे अवघड जाई. “हे बघा, प्रयोगशाळाप्रमुख निवृत्त होतायत. आठ आठवड्यांनी मान्यता मंडळ भेटीला येतंय. मंडळाला प्रयोगशाळा जो दाखवेल, त्यालाच वरचे लोक पुढचा प्रमुख धरून चालतील. ही जागा तुमच्यात आणि त्याच्यात आहे.”

‘तो’ म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी. तपासनीस त्याला घरी ‘उंच’ म्हणत असे, कारण त्याच्याविषयी सांगण्यासारखे दुसरे काही त्याला सापडले नव्हते. उंचाचे शर्ट त्याच्या अंगावर ओतल्यासारखे बसत. दशांश चिन्ह मात्र त्याने दोनदा चुकीच्या जागी दिले होते, आणि दोन्ही वेळा ते तपासनिसाने पकडले होते.

“काम तुमचं वरचढ आहे,” बाई म्हणाल्या. “पण मोजमापाच्या प्रयोगशाळेचा माणूस मंडळापुढे उभा राहिला आणि त्याचाच शर्ट खांद्यावरून कोपराकडे निघालेला दिसला, तर ते आमच्या चिठ्ठ्यांवर विश्वास कसा ठेवतील?”

तपासनिसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मस्तक बाईंच्या केबिनमध्ये असल्यामुळे तिला तिथून पुढे जाता आले नाही. तो घरी आला तेव्हा ती तशीच होती.

“कपडे मापाचे नाहीत म्हणे!” त्याने दारातूनच बायकोला सांगितले. “ज्या देशात एक शर्ट धड मिळत नाही, त्या देशातली बाई मला हे सांगते!”

बायको कपाट आवरत होती. “बरोबरच बोलल्या त्या,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? लग्नात तुम्हाला पहिल्यांदा नीट बघितलं, तेव्हा मला वाटलं, मोठ्या भावाचा शर्ट घालून आलेत. मग कळलं, मोठा भाऊच नाही.”

“वीस वर्षांत बोलली नाहीस ते?”

“मला वाटलं, तुम्हाला तसंच आवडतं. ऐसपैस.”

पंधरा वर्षांची मुलगी गाणी ऐकायचे यंत्र कानातून काढून म्हणाली, “बाबा, तुझ्या शर्टात मागच्या बाजूला अजून एक बाबा राहू शकतो. भाड्यानं दे.”

तपासनिसाने या दोघींकडे दुर्लक्ष केले. शर्टाविषयीचे त्याचे मत पक्के होते. त्याचे सगळे शर्ट लहानपणापासून त्याच्या गावच्या टेलरकाकांनी शिवलेले. दोन वर्षांतून एकदा घरी गेले की सहा-सात शर्ट शिवून आणायचे, असा शिरस्ता. ते शर्ट आरामशीर असत, आत हवा खेळती राही, हात वर केला तरी काही ताणले जात नसे. शर्ट म्हणजे काय, तर हेच. हे जर बाईंना दिसत नसेल तर तो बाईंच्या देशातल्या शर्टांचा दोष होता. ते सगळे अंगाला लागत.

पण जागेचा प्रश्न होता. शिवाय ती जागा उंचाला मिळाली, तर पुढची पंधरा वर्षे दशांश चिन्हे कुठे पडतील याचा नेम नव्हता. तेव्हा शनिवारी तपासनीस शर्ट घ्यायला निघाला.

निघण्यापूर्वी त्याने त्याच्या रीतीने तयारी केली. आपला सगळ्यात चांगला शर्ट जेवणाच्या टेबलावर पसरला, चारी बाजूंनी सुरकुत्या काढल्या, आणि पोलादी पट्टीने मोजला. प्रत्येक माप तीनदा घेऊन सरासरी काढली. गळा चारशे एकोणीस मिलिमीटर. छाती अकराशे त्रेचाळीस. खांदा चारशे शहात्तर. कागदावर लिहून खाली सही केली आणि तारीख घातली.

“शर्ट कशाला मोजताय?” बायको म्हणाली. “तुम्हाला मोजा ना.”

“माणूस श्वास घेतो,” तपासनीस म्हणाला. “हलणारी वस्तू मोजू नये.”

शहराच्या मुख्य रस्त्यावर पुरुषांच्या कपड्यांचे एक तीन मजली दुकान होते. तिथला विक्रेता साठीचा, बारीक, आणि गळ्यात कापडी टेप अडकवलेला. तपासनिसाने त्याच्या हातात कागद दिला.

विक्रेत्याने कागद वाचला. मग माणसाकडे पाहिले. मग पुन्हा कागद वाचला.

“आपण असं करू,” तो टेप काढत म्हणाला, “मी एकदा माप घेतो.”

“मापं दिलीयत.”

“हो, पण...”

“माझा व्यवसायच मापं घेण्याचा आहे,” तपासनीस म्हणाला. “तुमची टेप कापडाची आहे. ती शेवटची कधी तपासली होती?”

टेप कधी तपासतात हे विक्रेत्याला ठाऊक नव्हते. त्याने ती पुन्हा गळ्यात अडकवली.

“चारशे एकोणीसचा गळा नाही आमच्याकडे. एकेचाळीस सेंटिमीटर आहे, बेचाळीस आहे.”

“मधला?”

“मधला नसतो.”

“नसतो म्हणजे? ज्याचा गळा मधला आहे त्यानं काय करायचं? गळा बदलायचा?”

बेचाळीस आणला. गळा ठीक वाटला. मात्र हात बाह्यांत घातले तेव्हा ते बाहेर आलेच नाहीत. बाह्यांची टोके पुढे लोंबत राहिली, आणि आत कुठेतरी तपासनिसाची बोटे वाट चाचपडत होती. आरशातला माणूस शेतात उभ्या केलेल्या बुजगावण्यासारखा दिसत होता. फक्त बुजगावण्याच्या चेहऱ्यावर इतका राग नसतो.

“हे हात कोणाचे धरले आहेत?” त्याने विचारले. “इथल्या पुरुषांचे हात गुडघ्यापर्यंत येतात का?”

“ज्याचा गळा एवढा, तो माणूस साधारण तेवढा उंच असतो,” विक्रेता नम्रपणे म्हणाला. “म्हणूनच म्हणतो, एकदा माप...” टेप पुन्हा गळ्यातून निघाली होती.

“नको.”

विक्रेत्याने मग आपल्या मनाने एक वेगळाच शर्ट आणला आणि ‘फक्त घालून बघा’ म्हणाला. तपासनिसाने तो घातला आणि लगेच काढला. तो शर्ट त्याला सगळीकडून लागत होता. खांद्याला, छातीला, मनगटाला. गळ्याचे बटण लावले तर आत जेमतेम एक बोट जात होते. त्याच्या नेहमीच्या गळ्यात त्याचा रुमाल मावे.

“हा घट्ट आहे.”

“हा बसलाय,” विक्रेता म्हणाला, आणि तिसऱ्यांदा टेपकडे हात नेला. तपासनिसाने त्याच्याकडे असे पाहिले की हात अर्ध्यातूनच परत गेला.

येताना त्याने बेचाळीसच घेतला. एका गल्लीच्या तोंडाशी कपडे लहानमोठे करून देणारी एक बाई मशीन घेऊन बसत असे, तिच्याकडून बाह्या आखूड करून घ्यायच्या ठरवल्या. ती दिवसभर पडदे आणि पाटलोणी यांत बुडालेली असे. तिने शर्ट उलटापालटा केला.

“एवढी बाही खालून कापली तर मनगटाशी बटणासाठी जी चीर असते ना, तीच जाईल, आणि कफ बसणार नाही.”

“मग खांद्यातून घ्या.”

“खांद्यातून घेतलं तर काखेत बोळा होईल.”

“मग काय करायचं?”

“दुसरा शर्ट घ्यायचा,” ती म्हणाली, आणि मशीनवर पाय ठेवला. बोलणे संपले होते.

तपासनीस घरी परतला तो एका सिद्धांतासकट. या देशाने माणसे आधी साच्यात घालून काढली आणि मग त्यांच्यासाठी शर्ट शिवले. जो साच्याबाहेरचा, त्याने थंडीत उघडे हिंडावे. मुलीने हा सिद्धांत वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला. शाळेत विनोदी उतारा आणायला सांगितला होता.

आता एकच उपाय राहिला होता, आणि तो खरे तर पहिलाच. त्याने आईला फोन केला. टेलरकाकांचे दुकान आईच्या घरासमोर. ती फोन घेऊन रस्ता ओलांडून गेली. पडद्यावर आधी आईचा अंगठा दिसला, मग छत, मग टेलरकाका. सत्तरी ओलांडलेले, कानावर खडू.

“बोला साहेब! काय म्हणतोय परदेश?”

“काका, पाच शर्ट पाहिजेत. पांढरे तीन, निळे दोन. दोन आठवड्यांत पार्सल निघालं पाहिजे.”

“निघेल. मागल्या खेपेचं माप आहे वहीत.”

“काका, पण या वेळी अगदी मापात. नोकरीचा प्रश्न आहे.”

टेलरकाकांचा चेहरा पडला. “साहेब, पस्तीस वर्षं शिवतोय तुमचे. आजवर कधी घट्ट झाला?”

“नाही.”

“कधी उसवला?”

“नाही.”

“मग?”

तेवढ्यात आई मागून म्हणाली, “काकांना काय शिकवतोस बाळा? तू चड्डी उलटी घालायचास तेव्हापासून ते शिवतायत.”

पार्सल चौथ्या आठवड्याच्या शेवटी आले. पाच शर्ट, प्रत्येकाला जादा बटण, आणि वर काकांची चिठ्ठी : ‘आत दोन इंच माया सोडली आहे. पुढेमागे उसवून मोठा करता येईल.’ तपासनिसाने पांढरा शर्ट अंगात घातला आणि त्याला एकदम माहेरी आल्यासारखे वाटले. हवा खेळू लागली. हात वर गेले. गळ्यात रुमाल मावला.

सोमवारी तो नवा कोरा शर्ट कडक इस्त्री करून प्रयोगशाळेत गेला, आणि काही काम नसताना बाईंच्या केबिनपुढून तीनदा गेला. तिसऱ्या वेळी बाईंनी आत बोलावले.

“नवा आहे?”

“खास शिवून आणलाय,” तपासनीस छाती पुढे काढून म्हणाला. छाती पुढे आली, शर्ट जागीच राहिला.

बाईंनी खांद्यावरून कोपराकडे निघालेली शिवण पाहिली. मग म्हणाल्या, “मी त्याला तयारी करायला सांगते. मंडळासाठी. अजून नक्की काही नाही. पण एक जण तयार असलेला बरा.”

म्हणजे उंच. त्या दिवशी दुपारी उंच पायऱ्यांशी उभा राहून आरशासारख्या काचेत स्वागताचे भाषण म्हणून बघत होता, आणि शर्ट त्याच्या अंगावर असा बसला होता की पाहणाऱ्याला दशांश चिन्हांची आठवणही होऊ नये.

आता तपासनिसाने ठरवले की हा प्रश्न मताचा राहता कामा नये, पुराव्याचा झाला पाहिजे. त्याच्या धंद्यात एक रीत होती. कुठलेही माप नुसते ‘बरोबर आहे’ म्हणून चालत नाही. ते कशाशी ताडले, ते दुसरे माप कशाशी ताडले, असे मागे मागे जात मूळ मापापर्यंत पोचावे लागते, आणि प्रत्येक टप्प्याला कागद लागतो. तेव्हा शेऱ्याविरुद्ध लेखी हरकत घ्यायची, आणि सोबत शर्टाचा मूळ कागद जोडायचा. शर्ट मापाचा आहे की नाही हे एकदाचे सिद्ध होईल, आणि सातव्या रकान्यात ‘उत्कृष्ट’ लिहिण्यावाचून बाईंना गत्यंतर राहणार नाही. हरकतीचा मसुदा त्याने दोन दिवसांत लिहिला. चार पाने झाली. ‘मापाचे म्हणजे कोणत्या मापाचे?’ हे वाक्य त्यात तीनदा आले होते, तिसऱ्यांदा अधोरेखित.

मग त्याने टेलरकाकांना निरोप पाठवला : वहीतल्या माझ्या पानाचा फोटो पाठवा.

फोटो आला. तपासनिसाने तो लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. पान तेलकट, कडेला फाटलेले. वरच्या कोपऱ्यात निळ्या शाईत, पस्तीस वर्षांपूर्वीची तारीख घालून लिहिले होते :

‘वाढते अंग. सगळीकडे सैल धरणे. आईंची सूचना.’

त्याखाली आजवर घेतलेली मापे, एकाखाली एक, सोळा वेळची. दर वेळी दोन रकाने : ‘अंग’ आणि ‘शर्ट’. सगळ्यात खाली, दोन वर्षांपूर्वीची ओळ होती. अंग : छाती अडतीस इंच, गळा पंधरा. शर्ट : छाती पंचेचाळीस, गळा साडेसोळा. आणि कडेला, सोळाही वेळा, न चुकता : ‘सूचना कायम.’

साडेसोळा इंच म्हणजे चारशे एकोणीस मिलिमीटर. तपासनिसाने तेही करून पाहिले. उत्तर दशांशापर्यंत बरोबर आले.

“काय झालं?” बायकोने विचारले.

त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिने वाचले. मग ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतले. दारामागून तिचे हसणे ऐकू येत राहिले.

तपासनिसाने आईला फोन लावला.

“आई, तू टेलरकाकांना माझं अंग वाढतंय असं सांगितलं होतंस?”

“सांगितलं होतं की. सहावीत होतास. दर तीन महिन्यांनी शर्ट आखूड व्हायचा. कापड काय झाडाला लागतं?”

“मग पुढे बंद करा म्हणून नाही सांगितलंस?”

“तू वाढायचा थांबलास, हे मला कुणी सांगितलं?”

“आई! मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे!”

“तेच म्हणते मी. इतक्या वर्षांत एकदा सांगायचं नाही?”

“हे काय सांगायचं असतं? दिसत नाही का?”

“तुझे शर्ट असे, त्यात काय दिसणार?” आई म्हणाली.

“काकांना दे फोन.”

रस्ता ओलांडल्याचे आवाज आले. मग काका.

“काका, तुमच्या लक्षात आलं नाही? मला पोट आलं, केस पांढरे झाले, आणि तुम्ही लिहिताय वाढतं अंग?”

“लक्षात आलं होतं ना साहेब,” काका शांतपणे म्हणाले. “तुमच्या लग्नाच्या शर्टाच्या वेळीच मनात आलं होतं. पण सूचना आईंची. मी आपल्या मनानं कशी मोडू? उद्या त्यांनी विचारलं, कोणाला विचारून लहान केलंत, तर काय तोंड दाखवणार? ज्यानं सांगितलं, त्यानंच मागे घ्यायचं.”

प्रयोगशाळेच्या नियमावलीत धुळीच्या प्रकरणात कलम चार नेमके हेच सांगत होते : दिलेली सूचना, ती देणाऱ्याने मागे घेईपर्यंत कायम समजावी. ते वाक्य त्याचे स्वतःचे होते, आणि त्याला फार आवडत असे.

“मग आईला म्हणावं, मागे घे,” तो म्हणाला. “आत्ता. तिथं उभी आहे ना ती?”

पलीकडे कुजबुज झाली. आईचा आवाज आला. “राहू द्या हो काका. परक्या देशातलं हवापाणी. वाढला म्हणजे?”

सूचना कायम राहिली.

शनिवारी तपासनीस पुन्हा त्या तीन मजली दुकानात गेला. कागद नेला नव्हता. विक्रेत्यापुढे जाऊन उभा राहिला, दोन्ही हात बाजूला केले, आणि ज्या आवाजात माणूस दंतवैद्याला ‘उपटा’ म्हणतो त्या आवाजात म्हणाला, “घ्या.”

विक्रेत्याने टेप काढली, गळा घेतला, छाती घेतली, बाही घेतली. हे सगळे मिनिटभरात उरकले. मग वरच्या मजल्यावर न जाता तो दारापाशी गेला. तिथे एका लाकडी घडवंचीवर शर्टांचे ढीग रचलेले होते. त्यातले एक पुडके त्याने उचलले. पुडक्यात तीन शर्ट होते.

तपासनिसाने घातला. खांदा खांद्यावर थांबला, बाही मनगटावर थांबली. शर्ट सगळीकडून लागत होता, पण आता त्यात काही बोलायला जागा नव्हती. ना तोंडाला, ना रुमालाला.

“हे खास माप आहे का?” त्याने विचारले.

“हे? नाही,” विक्रेता म्हणाला. “हे सगळ्यात जास्त खपतं. म्हणून दाराशी ठेवतो.”

चार वर्षे ज्या देशाच्या साच्यावर तो खवळला होता, त्या साच्यात तो बरोब्बर बसत होता. देशातल्या दर तिसऱ्या पुरुषाचे आणि त्याचे माप एक होते.

“मग हे आधी का नाही सांगितलंत?” तो कडाडला. कोणावर तरी कडाडणे भाग होते. “चार आठवडे फुकट गेले माझे! त्या दिवशी सांगता आलं नाही?”

“मी तीनदा टेप काढली होती,” विक्रेता म्हणाला, आणि पुडके पिशवीत घालून दिले.

घरी आल्यावर त्याने हरकतीची चार पाने फाडली नाहीत. त्यात ‘मापाचे म्हणजे कोणत्या मापाचे?’ हा प्रश्न अजूनही बिनतोड होता असे त्याचे मत होते. पाने त्याने खणात ठेवली आणि खणावर काही लिहिले नाही. मुलीने बाबाला शर्टात पाहिले, एकदा त्याच्याभोवती फिरून आली, आणि म्हणाली, “अरे, दुसरा बाबा कुठे गेला? भाडेकरू ठरवला होता मी.”

सोमवारी बाईंनी त्याला जिन्यावर पाहिले आणि त्या थांबल्या. त्यांनी त्याच्या खांद्याकडे पाहिले, मनगटाकडे पाहिले.

“बसला,” त्या म्हणाल्या. हाच शब्द विक्रेत्यानेही वापरला होता. त्याच दुपारी सातवा रकाना खोडून नवा शेरा लिहिला गेला, आणि मंडळाला प्रयोगशाळा तपासनीस दाखवील असे ठरले. उंचाने मोकळेपणाने हात मिळवला आणि भाषणाचा कागद देऊ केला. त्यात दोन ठिकाणी दशांश चिन्ह चुकले होते. तपासनिसाने ते दुरुस्त केले आणि बऱ्याच दिवसांनी त्याला बरे वाटले.

भेटीच्या दिवशी तो पहाटेच उठला. तिन्हींतला सगळ्यात पांढरा शर्ट बायकोने स्वतः इस्त्री केला. बाहीची घडी सुरीसारखी होती. तपासनीस आरशापुढे वळून वळून उभा राहिला. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला आपले खांदे कुठे संपतात ते कळत होते.

“छान दिसताय,” बायको म्हणाली. “कोण म्हणेल, वाढतं अंग आहे?”

दहा वाजता मंडळ आले. पाच माणसे. त्यांच्या म्होरक्या एक करड्या केसांच्या बाई होत्या, आणि त्यांच्या हातात प्रयोगशाळेची नियमावली होती. नियमावलीत जागोजागी पिवळ्या खुणा लावलेल्या. तपासनिसाने ते पाहिले आणि त्याचा ऊर भरून आला. त्या बहुतेक खुणा धुळीच्या प्रकरणात होत्या. इतक्या वर्षांनी कोणीतरी ते वाचले होते.

मापनकक्षाच्या दारापाशी तो पुढे झाला, शर्टाचे कफ नीट केले आणि म्हणाला, “या, आत या.”

“एक मिनिट,” म्होरक्या बाई म्हणाल्या आणि पान उघडून मोठ्याने वाचले, “‘कलम नऊ. बाहेरचे पाहुणे उपस्थित असताना मापनकक्षात प्रत्येकाने गळ्यापासून गुडघ्यापर्यंत बंद असलेला कोट घालावा. यास कोणताही अपवाद नाही.’ उत्तम कलम आहे. कोणी लिहिलंय?”

सगळ्यांनी तपासनिसाकडे पाहिले.

“मी,” तो म्हणाला.

कोट आणले गेले. त्याने कोट घातला, गुडघ्यापासून गळ्यापर्यंत सगळी बटणे लावली, आणि दोन तास मंडळाला प्रयोगशाळा दाखवली. एकाही आकड्यात चूक झाली नाही. मान्यता मिळाली, आणि पुढच्या महिन्यात प्रमुखाची जागाही त्यालाच मिळाली. शर्ट कोणी पाहिला नाही.

प्रयोगशाळेत कोट एकाच मापाचे मागवले जातात. ते माप उंचाचे आहे.